‘वयोमानाने होणारच’ हे निदान नव्हे

‘गेल्या वर्षी होता तेवढाच उत्साह आजही माझ्यात आहे.’ ‘वय वाढतं तसा माणूस निरुपयोगी होत जातो.’ अशा पाच विधानांवर अमेरिकेच्या ओहायो राज्यातल्या ऑक्सफर्ड गावात पन्नाशी गाठलेल्या ६६० जणांनी आपापलं मत नोंदवलं. हा अभ्यास १९७५ मध्ये सुरू झाला. येल विद्यापीठाच्या बेका लेवी आणि सहकाऱ्यांनी २००२ साली ही उत्तरं मृत्यूच्या नोंदींशी ताडून पाहिली. स्वतःच्या म्हातारपणाकडे बऱ्या नजरेने पाहणाऱ्या गटात निम्मे लोक हयात असण्याचा टप्पा साडेसात वर्षं पुढे सरकलेला होता.

लगेच शंका येते: आजारी माणूस निराश असणारच, मग आयुष्य निराशेने घटलं की आजाराने? म्हणून वय, लिंग, आर्थिक स्थिती, एकटेपणा आणि हिंडण्या-फिरण्याची क्षमता हिशोबात धरली, तरी फरक टिकला. शंका पुरती फिटत नाही, कारण हे निरीक्षण आहे, प्रयोग नव्हे. आणि साडेसात वर्षं हा गटाचा आकडा आहे, कुणा एकाला मिळालेली हमी नाही.

२०१२ साली प्रसिद्ध झालेला अमेरिकेतल्याच न्यू हेवन परिसरातला अभ्यास मला अधिक बोलका वाटतो. सत्तर आणि त्यापुढच्या ५९८ जणांना विचारलं होतं: म्हातारी माणसं म्हटल्यावर कोणते पाच शब्द मनात येतात? प्रत्येक शब्दाला नकारात्मक ते सकारात्मक असे एक ते पाच गुण. पुढे ज्यांना अंघोळ, कपडे घालणं, खुर्चीतून उठणं, चालणं यांत मोठं परावलंबित्व आलं, त्यांच्यापैकी चांगले शब्द सुचलेले लोक पूर्ण स्वावलंबी होण्याची शक्यता ४४ टक्क्यांनी जास्त निघाली.

मनातल्या शब्दांचा गुडघ्याशी काय संबंध? बराचसा संबंध कारण कशाला चिकटवलं यातून येतो. ‘वय झालं’ हे कारण एकदा ठरलं की उपाय शोधायचं कारणच उरत नाही. लॉस एंजेलिसमध्ये संशोधक कॅथरीन सार्किसियन यांनी बैठं जीवन जगणाऱ्या ४६ लॅटिनो (लॅटिन अमेरिकी वंशाच्या) ज्येष्ठांसोबत नेमकं यावरच काम केलं. आठवड्याला एक असे चार वर्ग घेतले, हालचाल थांबण्याचा दोष वयाला देऊ नका हे शिकवलं आणि प्रत्येक वर्गानंतर व्यायाम घेतला. आठवड्याची पावलं सुमारे २५ हजारांवरून ३० हजारांच्या पुढे गेली. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, एवढी त्रुटी लक्षात ठेवावी.

‘साठी बुद्धी नाठी’ म्हणत घरोघर विसरभोळेपणा सोडून दिला जातो. त्यामागे बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता असू शकते. शाकाहारी आणि वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन हे मधुमेहाचं औषध घेणाऱ्यांत ती विशेष आढळते. थायरॉइड, नैराश्य, कमी ऐकू येणं हीही कारणं असतात, आणि यांतल्या प्रत्येकावर उपचार आहे. तेव्हा तक्रार कागदावर लिहा, कधीपासून आणि कशाने वाढते ते शेजारी लिहा, आणि वय सोडून दुसरं काय कारण असेल हे डॉक्टरांना थेट विचारा.

नुसतं ‘मी ठणठणीत आहे’ असं घोकून विश्वास बसत नाही. पुरावा शरीराकडून यावा लागतो. त्याला एक सोपी चाचणी आहे. हात नसलेली, सुमारे ४३ सेंटिमीटर उंचीची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. फरशीवर ती सरकली तर पडाल. दोन्ही हात छातीवर दुमडून ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहता येतं ते मोजा. सोबत कुणीतरी असू द्या. ६५ ते ६९ वयात स्त्रियांचे ११ पेक्षा आणि पुरुषांचे १२ पेक्षा कमी भरले तर पडण्याचा धोका वाढलेला असतो. हाताचा आधार घ्यावा लागला तर गुण शून्य. छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर तिथेच थांबा. महिन्याने पुन्हा मोजा आणि आपल्याच मागच्या आकड्याशी तुलना करा, चाळिशीतल्या स्वतःशी नको. निवृत्तीनंतर पहिल्याच दिवशी दहा हजार पावलांचा चंग बांधणारे तिसऱ्या दिवशी गुडघा धरून बसतात, आणि ‘आता जमायचं नाही’ हे मत आणखी घट्ट होतं.

घरचेही यात भर घालतात. ‘आई, तू बस, मी करते’ हे प्रेमाने म्हटलं जातं, पण रोजची चार उठबस त्यात जाते.

चांगली स्वप्रतिमा म्हणजे वय नाकारणं मात्र नव्हे. म्हातारे दिसू म्हणून श्रवणयंत्र किंवा काठी टाळणारा माणूस वरून उत्साही वाटला तरी म्हातारपणाला सर्वांत जास्त तोच घाबरलेला असतो. काठी घ्यायचीच तर नीट घ्यावी: चप्पल घालून, हात सैल सोडून उभं राहिल्यावर काठीची मूठ मनगटाच्या घडीपाशी यायला हवी, आणि काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरायची. पुष्कळ जण ती दुखऱ्या बाजूलाच धरतात, आणि मग काठीचा उपयोग नाही म्हणून ती कोपऱ्यात जाते.