कार्यस्थळी अध्ययन व ज्ञानविनिमय, डिजिटल (कोल्हापूरच्या संदर्भात)

काम करता करता कामगार, तंत्रज्ञ व पर्यवेक्षक जे शिकतात आणि एकमेकांना सांगतात, त्याला संगणक, मोबाइल, संवेदक व जालावरील प्रणालींचा आधार देण्याची पद्धती. अभ्यासक्रम चालवणाऱ्या अध्ययन व्यवस्थापन प्रणाली, दोषांचे व उपायांचे नोंदसंग्रह, यंत्रावरच्या क्यूआर कोडवरून उघडणाऱ्या कार्यसूचना, छोट्या चित्रफिती आणि गटसंदेश हे सारे तिच्या कक्षेत येते. कोल्हापूर परिसरात तिचा विचार प्रामुख्याने ओतकाम म्हणजे फाउंड्री आणि यंत्रकाम या व्यवसायांच्या अंगाने करावा लागतो.

उगम : या पद्धतीचा प्रारंभ कोठून मानावा याविषयी एकमत नाही. एक परंपरा सिडनी प्रेसी यांचे १९२० च्या दशकातील शिकवणारे यंत्र, बी. एफ. स्किनर यांचे १९५० च्या दशकातील प्रयोग आणि १९६० मध्ये इलिनॉय विद्यापीठात सुरू झालेली ‘प्लेटो’ ही संगणकप्रणाली अशी वंशावळ देते. या वंशावळीत शिकणारा एकटा असतो; पुढ्यात पाठ, मग प्रश्न, मग गुण. आजच्या अध्ययन व्यवस्थापन प्रणाली याच शाखेतून आलेल्या आहेत. पाठ व प्रणाली यांचा मेळ बसावा म्हणून २००० च्या सुमारास ‘स्कॉर्म’ हे मानक आले. त्यात पाठ पूर्ण झाला का, गुण किती, वेळ किती लागला एवढेच मुख्यतः टिपले जाते. २०१३ मध्ये स्थिरावलेल्या ‘एक्सएपीआय’ मानकाने अमुक व्यक्तीने अमुक कृती केली अशा वाक्यरूप नोंदी शक्य केल्या. त्यामुळे वर्गाबाहेरचे काम, अगदी यंत्रावरचेही, नोंदीत येऊ लागले.

दुसरी परंपरा कारखान्यातूनच निघते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ या कार्यक्रमाने नवख्यांना झटपट तयार करण्यासाठी कामाचे टप्पे व त्यांतील कळीचे मुद्दे लिहून काढण्याची शिस्त घालून दिली. डिजिटल शाखेच्या दृष्टीने मात्र झेरॉक्स कंपनीतले उदाहरण अधिक महत्त्वाचे आहे. ज्युलियन ऑर यांनी १९८० च्या दशकात छायाप्रत यंत्रे दुरुस्त करणाऱ्या तंत्रज्ञांचे निरीक्षण केले. छापील पुस्तिका हाताशी असूनही अवघड बिघाडाचे निदान ते जेवणाच्या सुट्टीतल्या गप्पांतून, जुन्या बिघाडांच्या कहाण्यांतून करत, असे त्यांना आढळले. पुढे १९९० च्या दशकात याच कंपनीत ‘युरेका’ हा संग्रह उभा राहिला. तंत्रज्ञाने युक्ती लिहायची, सहकाऱ्यांनी ती तपासायची आणि लिहिणाऱ्याच्या नावासह ती सर्वांना खुली करायची, अशी त्याची रीत होती. पैशांच्या बक्षिसापेक्षा नाव राहणे तंत्रज्ञांना मोलाचे वाटले, हा तपशील लक्षणीय होय. छोट्या कारखान्यांच्या संदर्भात ही दुसरी परंपराच अधिक उपयोगी दिसते.

अव्यक्त ज्ञानाचा वाद : माणसाला सांगता येते त्याहून अधिक ठाऊक असते, हे मायकेल पोलान्यी यांचे प्रतिपादन (१९६६) या क्षेत्राचा पाया मानले जाते. इकुजिरो नोनाका व हिरोताका ताकेउची यांनी १९९५ मध्ये असे न सांगता येणारे, म्हणजे अव्यक्त, ज्ञान सहवास, शब्दीकरण, जोडणी व आत्मसातीकरण या चक्रातून व्यक्त रूपात आणता येते असे मांडले. त्यांचे गाजलेले उदाहरण मात्सुशिता कंपनीच्या पाव करणाऱ्या यंत्राचे. कंपनीतील इकुको तानाका ओसाकातील एका हॉटेलच्या मुख्य पावकऱ्याकडे शिकल्या. कणीक ताणताना तो देत असलेला पीळ त्यांनी हेरला आणि यंत्रात आणला. हारिदिमोस त्सुकास यांनी पोलान्यींचा असा अर्थ लावण्यालाच हरकत घेतली. रॉड्रिगो रिबेरो व हॅरी कॉलिन्स यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासासाठी पाव करणे स्वतः शिकून पाहिले. त्यांच्या मते यंत्रात पावकऱ्याचे कौशल्य उतरलेच नाही. यंत्राने कामाची मांडणी बदलली आणि उरलेला निवाडा वापरणाऱ्याच्या हाती सोपवला. ओतकामातील अनुभव रिबेरो व कॉलिन्स यांच्या मताला अधिक जुळतो.

कामातून ७०, सहकाऱ्यांकडून २० आणि वर्गातून १० टक्के शिक्षण होते, हे सूत्र प्रशिक्षण विभागांत सर्रास सांगितले जाते. ते १९८० च्या दशकात अमेरिकेतील ‘सेंटर फॉर क्रिएटिव्ह लीडरशिप’मध्ये यशस्वी व्यवस्थापकांनी दिलेल्या आठवणींवरून निघाले. भट्टीवरच्या मेल्टरला किंवा लेथवरच्या टर्नरला ते जसेच्या तसे लावण्यास आधार नाही.

कोल्हापूरची पार्श्वभूमी : येथील यंत्रोद्योगाचा आरंभ काही लेखक शाहू महाराजांच्या काळातील प्रयत्नांशी, विशेषतः १९०६ च्या कापडगिरणीशी जोडतात, काही तो उद्यमनगर या शहरातील कारखान्यांच्या वस्तीतील दुरुस्तीच्या दुकानांपासून धरतात. म्हादबा मेस्त्री व वाय. पी. पोवार ही नावे या संदर्भात आदराने घेतली जातात. दोन्ही मतांत तथ्य असले, तरी कारागिरी हस्तांतरित होण्याची रीत दुरुस्तीतूनच ठरली असावी. बाहेरून आलेले इंजिन खोलायचे, भाग मोजायचा, तसाच ओतून पाहायचा. ओतकामाचा विस्तार साधारणतः १९६० च्या दशकापासून तेलइंजिनांच्या सुट्या भागांमुळे झाला. पुढे शिरोली, गोकुळ शिरगाव व कागल-हातकणंगले या औद्योगिक वसाहतींत तो पसरला आणि वाहन उद्योग मुख्य गिऱ्हाईक बनला. गिऱ्हाइकाने मागितलेल्या गुणवत्ता नोंदी हे येथील डिजिटलीकरणाचे पहिले कारण होय; शिकणे त्यामागून आले.

ओतकामातील उपयोग : करड्या बिडाची प्रत पाहण्याची जुनी रीत म्हणजे पाचरीच्या आकाराचा नमुना ओतणे, तो मोडणे आणि टोकाशी पांढरा पट्टा किती खोल आहे ते पाहणे. पट्टा जास्त असेल तर कार्बन-सिलिकॉन कमी, किंवा इनॉक्युलेशन, म्हणजे ओतण्याआधी धातूत फेरोसिलिकॉनसारखा पदार्थ मिसळणे, अपुरे. हा निवाडा मेस्त्री डोळ्यांनी करी व चेला पाहून शिके. आता वाळूचा छोटा कप वापरतात. त्यात उष्णतायुग्म म्हणजे तापमान मोजणारी तारांची जोडी (थर्मोकपल) असते व टेल्युरियम असल्याने बीड पांढरे गोठते. गोठताना तापमान ज्या दोन ठिकाणी थबकते त्यांवरून कार्बन समतुल्य, म्हणजे कार्बनमध्ये सिलिकॉन व फॉस्फरस यांच्या बेरजेचा तृतीयांश मिळवून येणारा आकडा, काही मिनिटांत पडद्यावर येतो. ४.३ टक्के हा त्याचा संदर्भबिंदू.

आकडा मिळाला म्हणजे मोडलेल्या पाचरीची गरज संपली, असे समजणे घाईचे ठरते. कप रासायनिक प्रमाण सांगतो. इनॉक्युलेशनचा परिणाम ओतेपर्यंत टिकला का हे टेल्युरियमचा कप सांगत नाही. फेरोसिलिकॉन टाकल्यावर तो परिणाम मिनिटागणिक उतरत जातो आणि दहा-पंधरा मिनिटांत बराचसा ओसरतो. म्हणून मोडलेल्या पाचरीचे छायाचित्र, कपाचा आलेख, भट्टीतून धातू काढल्याची व शेवटचा साचा भरल्याची वेळ, आणि दुसऱ्या दिवशी आलेले रिजेक्शन या गोष्टी एकाच हीट क्रमांकाखाली, म्हणजे भट्टीतील त्या घाण्याच्या क्रमांकाखाली, ठेवल्या तरच त्या नोंदीतून नवखा काही शिकतो. सुटे आकडे लेखापरीक्षकाच्या कामाचे असतात, शिकणाऱ्याच्या नव्हे.

वाळूच्या बाबतीतही तसेच. ओलावा, संपीडनबल व वायुपारगम्यता प्रयोगशाळेत मोजतात, पण अनुभवी मोल्डर म्हणजे साचे घडवणारा मुठीत वाळू दाबून, ती मोडून आधीच अंदाज बांधतो. ब्लो होल, म्हणजे वायूमुळे ओतीव भागात पडणारे भोक, आले तर कारण वाळूतील ओलावा, कोअरमधील (भागात पोकळी राखणाऱ्या वाळूच्या गाभ्यातील) वायू किंवा थंड ओतलेला धातू यांपैकी कोणतेही असू शकते. दोषसंग्रहात भोकाचे नुसते छायाचित्र असून भागत नाही. ते साच्याच्या वरच्या अंगाला होते की कोअरलगत, हे लिहिलेले हवे. काही कारखान्यांत भट्टी रात्री चालते आणि निर्णय घेणारा मेस्त्री दिवसा येतो. अशा ठिकाणी पाळीबदलाची नोंद हीच प्रत्यक्ष पाठशाळा ठरते.

लहान कारखान्यांत स्वतंत्र प्रणालीपेक्षा व्हॉट्सॲप गटच अधिक वापरात असतो. बोलून पाठवलेला संदेश लिहिण्याचा अडसर दूर करतो, छायाचित्र तत्काळ पोहोचते. मात्र सहा महिन्यांपूर्वीचा उपाय त्यात शोधणे जवळजवळ अशक्य, आणि मेस्त्री नोकरी सोडून गेला की त्याच्या फोनमधला संग्रहही जातो. गटातून निवडक संदेश महिन्याकाठी काढून भागाच्या क्रमांकानुसार लावणारा एक माणूस नेमणे हा उपाय महागड्या सॉफ्टवेअरहून स्वस्त आहे. तो क्वचितच केला जातो.

फेटलिंग व शॉट ब्लास्टिंग या ओतीव भाग साफ करण्याच्या कामांच्या आवाजात निवेदन ऐकू येत नाही, त्यामुळे चित्रफिती मुक्या व चित्रखुणांच्या असाव्या लागतात. हातमोजे घालून पडदा चालत नाही. भट्टीजवळ फोन बंदी असणे सुरक्षिततेच्या दृष्टीने योग्यच. कामगारांत उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा येथून आलेल्यांचे प्रमाण मोठे असल्याने केवळ मराठीतील सामग्री पुरत नाही.

शासकीय चौकट : शिकाऊ उमेदवारांची नेमणूक १९६१ च्या अधिनियमाखाली होते; २०१६ च्या राष्ट्रीय योजनेने विद्यावेतनात शासनाचा वाटा आणला. आयटीआयसाठी ‘भारत स्किल्स’ आणि २०२३ पासून ‘स्किल इंडिया डिजिटल हब’ ही संकेतस्थळे उपलब्ध आहेत. कामगाराच्या अध्ययन नोंदी व्यक्तिगत माहितीत मोडत असल्याने २०२३ चा डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण अधिनियम येथेही विचारात घ्यावा लागतो.

इतर व्यवसाय : इचलकरंजीच्या यंत्रमाग उद्योगात धोटा नसलेले माग आल्यापासून यंत्रविक्रेत्यांच्या चित्रफिती जॉबरच्या, म्हणजे माग जुळवणाऱ्या व दुरुस्त करणाऱ्या कारागिराच्या, कामी येतात. हुपरीचे चांदीकाम व कोल्हापुरी चपलेचे काम मुख्यतः घरातच शिकले जाते. चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक निर्देशन मिळाले.