मोकळा वेळ आणि कुटुंबाची फुरसत: बेरीज आणि छेद यांतला घोळ

कुटुंबाच्या फुरसतीविषयी तीन पिढ्यांची तुलना करणारा मजकूर बहुधा एकाच वाक्याने सुरू होतो: पूर्वी माणसांकडे वेळ होता, आता तो उरलेला नाही. त्याला दिले जाणारे उत्तरही तितकेच ठरलेले असते. यंत्रांनी कष्ट वाचवले, कामाचे तास उतरले, वेळ उलट वाढलाच आहे आणि तक्रार करणारे स्मरणरंजनात रमले आहेत, असे ते उत्तर सांगते. एक पक्ष आठवणी पुढे करतो, दुसरा आकडे पुढे करतो, आणि आपण एकाच शब्दाखाली दोन निरनिराळ्या गोष्टी मोजत आहोत हे दोघांच्याही ध्यानात येत नाही. त्यांतली एक गोष्ट म्हणजे मोकळा वेळ आणि दुसरी म्हणजे कुटुंबाची फुरसत. पहिली वाढत असताना दुसरी घटू शकते, आणि यात कोणतेही कोडे नाही.

मोकळा वेळ म्हणजे काय ते वाचकाला ठाऊकच आहे, म्हणून त्यावर फार शब्द खर्च करत नाही. दिवसाच्या २४ तासांतून झोप, देहधर्म, अर्थार्जन, शिक्षण, घरकाम, मुलांची व आजाऱ्यांची देखभाल आणि प्रवास वजा केला की जे उरते तो एका माणसाचा मोकळा वेळ. तो मोजता येतो आणि गेली अनेक दशके मोजला जातो आहे. दिवसभरात कोणत्या वेळी काय केले याची रोजनिशी हजारो लोकांकडून भरून घ्यायची, ही त्याची पद्धत. हंगेरीचे समाजशास्त्रज्ञ अलेक्झांडर सालाई यांच्या पुढाकाराने १९६५-६६ च्या सुमारास १२ देशांत अशा नोंदी एकाच पद्धतीने घेण्यात आल्या, आणि अमेरिकेत तर २००३ पासून हे सर्वेक्षण दरवर्षी होते. अमेरिकेच्याच नोंदी तपासून मार्क अग्वियार आणि एरिक हर्स्ट या अर्थशास्त्रज्ञांनी २००७ मध्ये दाखवून दिले की १९६५ ते २००३ या काळात पुरुषांचा मोकळा वेळ आठवड्याला किमान सहा तासांनी आणि स्त्रियांचा किमान चार तासांनी वाढला. आजीच्या काळी निवांतपणा होता असे ज्यांना वाटते त्यांनी जोअ‍ॅन व्हॅनेक यांनी १९७४ मध्ये मांडलेला हिशेबही पाहावा: नोकरी न करणाऱ्या अमेरिकन गृहिणींचे घरकाम १९२० च्या दशकात आठवड्याला सुमारे ५२ तास होते आणि धुलाईयंत्रे, व्हॅक्यूम क्लीनर वगैरे सर्व आल्यानंतर १९६० च्या दशकातही ते कमी झालेले नव्हते. ज्या अंगणात आपल्याला निवांतपणा आठवतो, तो बहुधा आपल्या बालपणाचा निवांतपणा असतो; त्या अंगणातल्या मोठ्या बाईच्या वाट्याला तो आलेला नसतो.

येथवर दुसऱ्या पक्षाची बाजू बरोबर आहे. चूक पुढच्या पायरीवर होते, कारण माणसांचा मोकळा वेळ वाढला म्हणून कुटुंबाची फुरसत वाढली असा निष्कर्ष ते काढतात. ती वाढतेच असे नाही. मोकळा वेळ एकेकट्या माणसाचा असतो, तर कुटुंबाची फुरसत अनेकांच्या मोकळ्या वेळांच्या एकमेकांवर पडण्यातून निर्माण होते. शाळेत शिकलेल्या संचांच्या भाषेत सांगायचे तर हा प्रश्न बेरजेचा नसून छेदाचा, म्हणजे सर्वांमधल्या समाईक भागाचा आहे.

चार माणसांचे एक घर कल्पावे. वडील सायंकाळी ७ ते १० मोकळे असतात, आई रात्री ८.३० ते १०.३० मोकळी असते, मुलीला ५ ते ६ आणि पुन्हा ९ ते ११ सवड असते, आणि निवृत्त आजोबा दुपारी १ पासून रात्री ९.३० ला झोपेपर्यंत मोकळेच असतात. या चौघांच्या मोकळ्या वेळाची बेरीज साडेसोळा तास भरते. चौघे एकाच वेळी मोकळे असतात तो अवधी मात्र ९ ते ९.३० एवढा, म्हणजे अर्धा तास. आता वडिलांची पाळी बदलली आणि ते रात्री ९.३० ते १ मोकळे राहू लागले, तर त्यांचा स्वतःचा मोकळा वेळ तीन तासांवरून साडेतीन तासांवर जातो, घराची बेरीज १७ तास होते, आणि चौघांची फुरसत शून्यावर येते. सरासरी काढणाऱ्याच्या वहीत या घराची प्रगती नोंदली जाईल. घरातली माणसे मात्र आपल्याला वेळच मिळत नाही असे म्हणतील, आणि त्यांचे म्हणणे खोटे नसेल.

हा प्रयोग कागदावरच राहिलेला नाही, तो एका अख्ख्या देशावर झालेला आहे. १९२९ साली सोव्हिएत संघाने कारखाने एकही दिवस बंद पडू नयेत म्हणून अखंड उत्पादनाचा आठवडा आणला. त्यात सात दिवसांऐवजी पाच दिवसांचे चक्र होते, कामगारांचे पाच गट पाडलेले होते, आणि प्रत्येक गटाला वेगळ्या दिवशी सुट्टी असे. गट ओळखू यावेत म्हणून त्यांना रंग नेमून दिले होते. सातातल्या एका दिवसाऐवजी पाचातला एक दिवस सुट्टीचा मिळाल्यामुळे माणशी विश्रांतीचे दिवस वाढले, म्हणजे मोकळ्या वेळाच्या हिशेबात ही सुधारणाच होती. परंतु नवऱ्याचा रंग एक आणि बायकोचा दुसरा, मुलांची शाळा तिसऱ्याच दिवशी बंद, शेजारी चौथ्या दिवशी मोकळे, अशी घरोघरी स्थिती झाली. रिकाम्या घरात एकट्याने बसून काढायच्या सुट्टीला सुट्टी म्हणायचे तरी कसे, अशा अर्थाच्या तक्रारी खुद्द तिथल्या वर्तमानपत्रांत छापून आल्या. अखंड चालणारी यंत्रे बिघडू लागली आणि कोणत्या यंत्राची जबाबदारी कोणाची हे ठरेनासे झाले, हीही कारणे होतीच. १९३१ च्या अखेरीस ही पद्धत मागे पडून सर्वांना समान सुट्टी असलेला सहा दिवसांचा आठवडा आला, आणि १९४० मध्ये सात दिवसांचा आठवडा परतला. कुटुंबाच्या वेळाविषयी लिहिणाऱ्या प्रत्येकाने हे उदाहरण एकदा तरी वाचावे असे मला वाटते, कारण मोकळा वेळ वाढवून फुरसत कशी नष्ट करता येते याचा इतका स्वच्छ पुरावा दुसरीकडे सापडणे कठीण आहे.

उलट दिशेचा पुरावाही आहे. क्रिस्टोबल यंग आणि चेयून लिम यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकेतील पाच लाखांहून अधिक लोकांच्या दैनंदिन मनःस्थितीच्या नोंदी तपासल्या. शनिवार-रविवारी नोकरदारांची मनःस्थिती सुधारते यात नवल नव्हते. नवल हे होते की बेरोजगारांची मनःस्थितीही शनिवार-रविवारी जवळपास तितकीच सुधारते. ज्याच्याकडे सातही दिवस मोकळा वेळ आहे त्याने शनिवारची वाट का पाहावी? कारण त्या दिवशी इतर लोक मोकळे होतात. त्याचा मंगळवार मोकळा असतो, पण त्या मोकळेपणात त्याला कोणाची सोबत नसते.

हे एकदा लक्षात आले की पिढ्यांमधला फरकही निराळा दिसू लागतो. आधीच्या पिढ्यांकडे मोकळा वेळ अधिक होता असे नाही, पण जो होता तो सर्वांचा एकाच वेळी पडत असे, आणि तसा तो पडावा अशी व्यवस्था भोवतालच्या जगाने केलेली होती. कारखान्याचा भोंगा एकाच वेळी वाजे. आठवड्याची सुट्टी सर्वांना एकच असे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९२१ च्या साप्ताहिक विश्रांतीविषयक करारात सात दिवसांत सलग २४ तास विश्रांती द्यावी एवढेच म्हटलेले नाही. ती शक्यतो सर्व कर्मचाऱ्यांना एकाच वेळी द्यावी आणि त्या प्रदेशात रूढ असलेल्या दिवशीच द्यावी, असेही त्यात आहे. विश्रांती एकत्रच घ्यायची गोष्ट आहे हे तो मसुदा लिहिणाऱ्यांना शंभर वर्षांपूर्वी कळत होते. घरातही तेच. दिवा एक असेल तर वाचणारा, शिवणारा आणि नुसता बसणारा, तिघेही त्याच दिव्याभोवती येतात. पुढे रेडिओ आणि दूरचित्रवाणी आली तेव्हा कुटुंबाचा संवाद बुडाला अशी ओरड झाली, पण संच एकच होता आणि कार्यक्रम ठरलेल्या वेळीच लागत असे, त्यामुळे घरातल्या सर्वांची वेळ तो कार्यक्रमच जुळवून देई. आवडनिवड वेगळी असली तरी जागा आणि घटिका एकच. यात त्या पिढीचा सद्गुण फारसा नव्हता. ती एकत्र बसत असे कारण वेगळे बसण्याची सोय नव्हती. आजच्या पिढीला संस्कारांवरून बोल लावणाऱ्यांनी हे आठवावे.

गेल्या काही दशकांत या जुळवणाऱ्या गोष्टी एकेक करून सैल झाल्या. दुकाने व सेवा सर्व दिवस चालू लागल्या, पाळ्या वाढल्या, दोन्ही पालक कमावू लागले, मुलांच्या वर्गांचे आणि सरावांचे वेगळे वेळापत्रक तयार झाले, प्रत्येक खोलीत दिवा आला, प्रत्येकाच्या हातात पडदा आला आणि कोणताही कार्यक्रम कोणत्याही वेळी पाहता येऊ लागला. यातील जवळपास प्रत्येक बदलाने एकेका माणसाचे स्वातंत्र्य वाढवले. मी त्यातला एकही बदल मागे फिरवा असे म्हणणार नाही. परंतु लवचीक वेळापत्रकाला जेव्हा कुटुंबाभिमुख धोरण म्हटले जाते, तेव्हा लवचीकता कोणाच्या हाती आहे हे विचारायलाच हवे. ती कर्मचाऱ्याच्या हाती असेल तर तो आपला मोकळा वेळ घरच्यांच्या वेळेशी जुळवू शकतो, आणि मालकाच्या हाती असेल तर ती सोव्हिएत रंगांच्या जवळची असते.

सगळा दोष मोबाईलवर टाकून मोकळे होणाऱ्यांचा मला विशेष कंटाळा आहे, तरी त्यांच्या म्हणण्यात एक खरा मुद्दा दडलेला आहे आणि तो नीट मांडला पाहिजे. किलियन मलन आणि स्टेला चात्झिथिओकारी यांनी ब्रिटनमधील २००० आणि २०१५ च्या रोजनिशी-नोंदींची तुलना केली. मुले आणि पालक घरात एकाच वेळी असण्याचा काळ या १५ वर्षांत दिवसाला ३४७ मिनिटांवरून ३७९ मिनिटांवर गेला, म्हणजे वाढला. मात्र एकाच घरात असूनही आपण पालकांसोबत आहोत असे मुलांनी नोंदवले नाही, असा वेळ ९५ मिनिटांवरून १३६ मिनिटांवर गेला. एकाच वेळी घरात असण्याच्या काळातील वाढीपेक्षा ही वाढ मोठी आहे. म्हणजे छेद दोन पायऱ्यांचा आहे. पहिल्या पायरीवर घटिका आणि जागा जुळावी लागते, दुसऱ्या पायरीवर लक्ष जुळावे लागते. पडद्याचा परिणाम दुसऱ्या पायरीवर होतो. पहिली पायरी मुळातच हुकलेल्या घरात मोबाईल काढून घेऊन काहीही साधत नाही, कारण समोर बसायला कोणी घरी आलेलेच नसते.

पालक हल्ली मुलांना वेळ देत नाहीत, हे विधान तर आता थांबायला हवे. ११ पाश्चात्त्य देशांच्या १९६५ ते २०१२ या काळातील नोंदींवरून ज्युडिथ ट्रीस आणि जुलिया दोत्ती सानी यांना असे आढळले की मुलांच्या देखभालीत आयांचा वेळ दिवसाला ५४ मिनिटांवरून १०४ मिनिटांवर गेला आणि वडिलांचा १६ मिनिटांवरून ५९ मिनिटांवर. फक्त फ्रान्समधील आयांचा वेळ घटला. परंतु या आकड्यालाही कोणी फुरसत समजू नये. अभ्यास घेणे, सोडायला जाणे, आणायला जाणे, ही देखभाल आहे. ती प्रेमाने केली तरी काम असते, आणि तिला फुरसतीच्या रकान्यात टाकणे हा याच घोळाचा आणखी एक प्रकार आहे.

उरलेले भेद किरकोळ आहेत. सवड, उसंत, विरंगुळा या शब्दांच्या छटा वेगळ्या असल्या तरी त्यांची सरमिसळ झाल्याने कोणाचे नुकसान होत नाही. सुट्टी म्हणजे कामातून मिळालेली मोकळीक, ती फुरसत होईलच असे नाही. करमणूक ही फुरसतीत करायच्या अनेक गोष्टींपैकी एक, आणि काहीही न करता एकत्र बसणे ही माझ्या मते तिच्याहून वरची.

मला खटकतो तो ‘क्वालिटी टाइम’ हा शब्दप्रयोग. वेळ कमी असला तरी तो दर्जेदार असला की पुरे, हा त्यामागचा दिलासा छेदाचा प्रश्न अंगावर न घेताच सोडवल्याचा आव आणतो. घरातल्या सर्वांसाठी ठरवलेला दर्जेदार तास कोणाच्या तरी वेळापत्रकाबाहेर पडतोच, आणि मग त्या व्यक्तीला तो झोपेतून किंवा कामातून कापावा लागतो. मायकेल बिटमन आणि ज्युडी वाजमन यांनी २००० मध्ये अनेक देशांच्या नोंदींवरून दाखवले होते की स्त्री-पुरुषांच्या मोकळ्या वेळाची एकूण लांबी जवळपास सारखी असते, पण स्त्रियांचा मोकळा वेळ अधिक तुकड्यांत विभागलेला असतो आणि त्यात इतर कामे मिसळलेली असतात. चौघे निवांत बसलेले असताना मध्येच कोण उठते, हे त्या रोजनिशीत उतरते, बेरजेत उतरत नाही.