अपक्ष मतदार (अमेरिकेची अध्यक्षीय निवडणूक)

मराठीत ‘अपक्ष’ म्हटले की उमेदवार आठवतो. अमेरिकेत मतदारही अपक्ष म्हणवतो, कारण तिथे अनेक राज्यांत मतदारनोंदणी करतानाच पक्ष विचारला जातो. अभ्यासक मात्र सरकारी नोंदीपेक्षा मतदाराच्या स्वतःच्या उत्तराला महत्त्व देतात. गॅलप या जनमत चाचणी घेणाऱ्या संस्थेच्या पाहणीत २०२३ मध्ये ४३ टक्के प्रौढांनी स्वतःला अपक्ष म्हटले. डेमोक्रॅट आणि रिपब्लिकन प्रत्येकी २७ टक्केच होते.

हा ४३ चा आकडा फसवा आहे. ‘त्यातल्या त्यात जवळचा पक्ष कोणता?’ असे पुढे विचारले की बहुतेकांचा कल कळतो. असे ‘झुकते अपक्ष’ त्या पक्षाला जवळपास निष्ठावंतांइतक्याच सातत्याने मत देतात. त्यांना नको असतो तो पक्षाचा शिक्का. मत कुणाला द्यायचे हे बहुधा ठरलेले असते. खरोखर तळ्यात-मळ्यात असणारा एकूण प्रौढांत दहांत एखादाच. दोन्ही बाजू तोलून पाहणारा जाणता नागरिक अशी त्यांची प्रतिमा आहे, पण सरासरीने पाहता त्यांना राजकारणात रस कमी असतो आणि ते मतदानालाही कमी येतात. त्यांचा कौल त्या वेळच्या महागाई-रोजगारावर आणि सत्तेवरील अध्यक्षाविषयीच्या समाधानावर बराच हलतो.

म्हणूनच ‘अपक्ष ज्याचे, व्हाइट हाउस त्याचे’ हे समीकरण टिकत नाही. २०१२ च्या एक्झिट पोलमध्ये अपक्षांत रिपब्लिकन मिट रॉम्नी पुढे होते, निवडून आले डेमोक्रॅट बराक ओबामा. रिपब्लिकन पक्षावर रुसलेले अनेक जण तेव्हा स्वतःला अपक्ष म्हणवत होते. २०२० मध्ये मात्र अपक्षांची आघाडी जो बायडेन यांच्या विजयाला मोठा हातभार लावून गेली.

तिसऱ्या उमेदवारालाही याच गटात जागा सापडते. रॉस पेरो यांनी १९९२ मध्ये सुमारे १९ टक्के मते घेतली, पण अध्यक्ष प्रत्यक्ष निवडणाऱ्या निर्वाचक मंडळातले एकही मत त्यांना मिळाले नाही. चार वर्षांनी ते ८ टक्क्यांवर आले.

पक्षाचा उमेदवार निवडण्याच्या प्राथमिक फेरीत, म्हणजे प्रायमरीत, अपक्षांचे वजन राज्यागणिक बदलते. न्यू हॅम्पशायरमध्ये ते कोणत्याही एका पक्षाच्या प्रायमरीत मत देऊ शकतात. २००० साली जॉन मॅकेन यांनी तिथल्या रिपब्लिकन प्रायमरीत जॉर्ज बुश यांना हरवले ते अपक्षांच्याच बळावर. पेनसिल्व्हेनियात हे दार बंद आहे. दोन मुख्य पक्षांबाहेर नोंदलेले तिथले दहा लाखांहून अधिक मतदार दोघांपैकी कुणाचाही उमेदवार ठरवू शकत नाहीत, आणि २०१६ च्या अध्यक्षीय निवडणुकीत त्या राज्याचा निकाल लागला तो ४५ हजारांहून कमी मतांनी.