बॉग डील

बॉग डील : आयर्लंडमधील पीटच्या (दलदलीत साचलेल्या, अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या) थरात गाडले गेलेले पाइनचे (पायनस सिल्व्हेस्ट्रिस) लाकूड. टर्फ (जळणासाठी कापलेले पीट) काढताना ते ओकच्या खोडांबरोबर सापडते. जंगलतोडीने उघड्या पडलेल्या या देशात जळण, उजेड आणि छपराचे वासे या तिन्ही गरजा त्याने भागवल्या.

लाकूड हुडकण्याची लोकपरंपरेतली खूण अशी : पहाटे रान दवाने किंवा हिमकणांनी पांढरे झालेले असताना गाडलेल्या खोडावरचा पट्टा तेवढा काळपट राहतो. ऊन चढण्याआधी जागा हेरून ठेवायची, मग लांब लोखंडी सळई खुपसून चाचपायचे. दगडावर सळई खणकन थडकते. लाकडात टोक किंचित रुतते आणि उपसताना अडते. थोड्या थोड्या अंतरावर सळई घालत गेले की खोडाची दिशा व लांबी कळते. एकाच ठिकाणी लागली, तर बहुधा नुसता बुंधा असतो आणि मुळे तोडण्यात फार श्रम जातात.

या खुणेत तथ्य असावे, पण उथळ खोडांपुरतेच. दिवस-रात्रीच्या तापमानातला फरक ओल्या पीटमध्ये हातभर खोलीच्या आतच विरतो. त्याखालच्या खोडाचा पृष्ठभागावरील दवाशी संबंध लावणे कठीण आहे.

ही झाडे नोहाच्या प्रलयात आडवी झाली, अशी जुनी समजूत. मात्र अनेक बुंधे मुळांसह जागीच उभे आढळतात. कार्बन कालमापनानुसार त्यांतील बहुतेक 4,000 वर्षांहून जुने आहेत. पाइनच्या ऱ्हासाचा संबंध आइसलँडमधील हेक्ला ज्वालामुखीच्या राखेशी जोडला गेला होता. उत्तर आयर्लंडमधील परागकण व राखेच्या थरांच्या अभ्यासात त्याला दुजोरा मिळाला नाही. हवामान ओलसर होऊन दलदल वाढली, हे कारण अधिक पटते. ओकच्या खोडांचे मोल वेगळेच : त्यांच्या वर्षवलयांच्या आधारे बेलफास्टच्या संशोधकांनी 1984 मध्ये 7,272 वर्षांची सलग कालमालिका प्रसिद्ध केली.

पाइन राळयुक्त असल्याने उभ्या रेषेत सहज फाटते. त्याच्या बारीक कांड्या मेणबत्तीऐवजी, तर जाड जुड्या रात्री सामन मासा भाल्याने मारताना मशाल म्हणून वापरत. धूर काजळीचा निघतो आणि ठिणग्या उडतात, म्हणून चुलीत ते मुख्यतः टर्फ पेटवण्यापुरते घालत. ओक उन्हात घाईने वाळवला, तर बाहेरचा भाग आधी आकसून खोड उभे तडकते. ते सावलीत, सावकाश वाळवावे लागते.