बी.ए. अर्थशास्त्राचा प्रवेश सोलापुरात कुठे अडतो?

अर्थशास्त्र हा मुख्य विषय घेऊन बी.ए. करण्यासाठी बारावी कोणत्याही शाखेतून उत्तीर्ण असलेले चालते. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांत अर्ज भरताना अर्थशास्त्र मुख्य विषयाच्या रकान्यातच नोंदवले आहे ना, हे पैसे भरण्याआधी पाहावे. गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला आणि आधार यांसाठी सहसा कोणी अडत नाही. कर्नाटकातल्या विजयपूर किंवा कलबुर्गीकडून आलेल्यांना मात्र स्थलांतर प्रमाणपत्र लागते.

खरी अडचण राखीव जागेची आणि शुल्क सवलतीची आहे. जातीच्या दाखल्यासाठी इतर मागासवर्ग व विशेष मागास प्रवर्गाला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा, तर विमुक्त जाती व भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा पुरावा मागितला जातो. सोलापूरच्या पूर्व भागातल्या विणकरांच्या घरी असा कागद क्वचितच निघतो, कारण ज्या वयात शाळेत नाव घालायचे त्या वयात आजोबा मागावर बसलेले होते. अशा घरांकडे आजोबांच्याच शाळेचा उतारा मागत राहणे अन्यायाचे आहे. तरीही हताश होऊ नये. आजोबांच्या सख्ख्या किंवा चुलत भावांपैकी कोणी शाळेत गेले असल्यास त्यांचा प्रवेश-निर्गम उतारा (शाळेच्या नोंदवहीतील नोंदीची प्रत) काढावा आणि वंशावळीच्या प्रतिज्ञापत्रासह जोडावा. महापालिकेच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदीही शोधाव्यात. उताऱ्यात ‘सिद्राम’ आणि आधारवर ‘सिद्रामप्पा’ असेल, तर दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवावे, कारण एवढ्या फरकावरूनही प्रकरण त्रुटीत निघते.

दुसरा घोळ तारखेचा आहे. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला मिळाल्या दिवसापासून वर्षभर चालतो, असा समज घरोघरी आहे. प्रत्यक्षात त्याची मुदत ३१ मार्चला संपते. म्हणून फेब्रुवारीत धावपळ करून काढलेला दाखला जूनच्या प्रवेशाला बाद ठरतो, आणि खिडकीवर हे कोणी समजावून सांगत नाही. एप्रिल उजाडताच नवा दाखला काढावा. नॉन-क्रीमीलेयरसाठी, म्हणजे मागास प्रवर्गातील उन्नत गटात मोडत नसल्याच्या दाखल्यासाठी, मागील तीन वर्षांचे उत्पन्न दाखवावे लागते, त्यामुळे एका वर्षाचा दाखला घेऊन प्रांत कार्यालयात जाऊ नये.

महाडीबीटी या राज्य सरकारच्या संकेतस्थळावरील शिष्यवृत्तीसाठी बँक खाते आधारशी संलग्न हवे, एवढे बँकेत जाऊन तपासावे. जातीच्या दाखल्याचे काम मात्र बारावीच्या दिवाळीच्या सुट्टीतच सुरू करावे. निकालानंतर सेतू केंद्रावर रांगा लागतात आणि प्रवेशाची तारीख कोणासाठी थांबत नाही.