कमी अक्षांशांवरील ध्रुवीय प्रकाश

ध्रुवीय प्रकाश (ऑरोरा), म्हणजे रात्रीच्या आकाशात उमटणारा रंगीत उजेड, एरवी नॉर्वे, आइसलँड, अलास्का या पट्ट्यातला. सूर्यावरून सुटलेला भारित कणांचा मोठा लोट पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रावर आदळून भूचुंबकीय वादळ उठले, की ध्रुवाभोवतीचे प्रकाशाचे हे कडे विषुववृत्ताकडे सरकते. किती दक्षिणेला? ४ फेब्रुवारी १८७२ च्या रात्री तो मुंबईत दिसल्याची नोंद तत्कालीन वृत्तपत्रात आहे. त्याच वादळात मुंबई-एडन समुद्री तारेवरचे संदेशवहनही विस्कळीत झाले होते.

इथे भौगोलिक अक्षांश फसवा ठरतो; महत्त्वाचा असतो तो चुंबकीय अक्षांश, म्हणजे भूचुंबकीय ध्रुवाच्या संदर्भाने मोजलेला. हवाना आणि अहमदाबाद साधारण एकाच अक्षांशावर, पण भूचुंबकीय ध्रुव अमेरिकेकडे कललेला असल्याने हवानाचा चुंबकीय अक्षांश बराच जास्त भरतो. भारतासाठी हा योग म्हणूनच फार दुर्मीळ.

सप्टेंबर १८५९ च्या प्रसिद्ध ‘कॅरिंग्टन’ वादळात क्यूबातही आकाश रंगले. कुलाबा वेधशाळेच्या चुंबकमापकावर तेव्हा पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा क्षैतिज (आडवा) घटक सुमारे १६०० नॅनोटेस्लाने (नॅनोटेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचे एकक) घसरला. त्या वादळाच्या अभ्यासात ही नोंद आजही मोलाची मानतात. मुंबईत मात्र त्या वेळी भर दिवस होता. पुढे विजेच्या ट्रामचा उपद्रव नको म्हणून हे चुंबकीय वेध अलिबागला हलवले गेले.

कमी अक्षांशांवर हा प्रकाश बहुधा लाल दिसतो, तोही क्षितिजालगत. हिरवा प्रकाश साधारण १०० ते १५० किलोमीटर उंचीवरचा, त्यामुळे तो पृथ्वीच्या वक्रतेआड जातो. लाल प्रकाश २०० किलोमीटरच्या वर, विरळ हवेतल्या ऑक्सिजन अणूंपासून येतो. उत्तेजित अणूला हा ६३० नॅनोमीटरचा प्रकाश सोडायला दीड-दोन मिनिटे लागू शकतात. खालच्या दाट हवेत त्याआधीच टकरीत त्याची ऊर्जा निघून जाते. हा रंग पाहून आग लागल्याचा समज होणे जुनेच आहे. सम्राट टायबेरियसच्या काळात रोमन सैनिक ओस्टिया बंदर जळते आहे असे समजून मदतीला धावल्याचे रोमन तत्त्वज्ञ सेनेकाने लिहून ठेवले आहे.

भारतातले अलीकडचे ठळक उदाहरण लडाखमधील हानले येथील. सुमारे ४,५०० मीटर उंचीवरच्या तिथल्या खगोलीय वेधशाळेच्या कॅमेऱ्यांनी १०-११ मे २०२४ च्या रात्री उत्तर क्षितिजावरची लाली टिपली. २००३ नंतरचे ते सर्वांत तीव्र वादळ होते. अशी छायाचित्रे पाहून आकाश तितकेच भडक असेल असे मात्र समजू नये. कॅमेरा कित्येक सेकंद प्रकाश साठवतो आणि अंधारात आपल्या डोळ्यांना लाल रंग नीट कळत नाही. तिथे उभ्या माणसाला पुष्कळदा फिकट, धुरकट उजेडच जाणवतो.