बिरड्याचे वाल वेगळे, आमटीचा पावटा वेगळा

श्रावणी सोमवारी बिरडं, म्हणजे मोड आणून सोललेल्या वालांची उसळ, करायचं म्हणून पुण्यातल्या एका दुकानात मी वाल मागितले. घरी येऊन पुडी सोडली तर आत टपोरे, पांढुरके पावटे. तरी भिजवले. मोड आले, सालं निघाली, शिजलंही सगळं. पण पानात आलं ते बिरडं नव्हतं. वालाची ती किंचित कडसर चव त्यात नव्हती, आणि ज्याचं माहेर रायगडातलं आहे त्याला ती नसली की लगेच कळतं.

तसा गोंधळ होण्याजोगाच आहे. वनस्पतीशास्त्राच्या लेखी दोन्ही एकच, लॅबलॅब पर्प्युरियस. दोन्हींच्या दाण्याच्या कडेला पांढरी, उठून दिसणारी रेघ असते. तिच्यावरून वाल राजम्यापासून वेगळा ओळखता येतो, पण पावट्यापासून नाही. तिथे आकार आणि रंग बघायचा. बिरड्याचे कडवे वाल लहान, तपकिरी-तांबूस. पावटा मोठा, मलईच्या रंगाचा. गोडे वाल म्हणून जे मिळतात तेही पावट्याच्याच अंगाचे.

कडवे वाल हे कोकणातलं, त्यातही रायगडातलं पीक. भात कापलं की त्याच खाचरात, जमिनीत उरलेल्या ओलीवर ते येतात. पावटा देशावरचा, सातारा-सांगली-कोल्हापूरकडे थंडीत हिरव्या शेंगांचे ढीग बाजारात येतात तो.

मुख्य फरक मात्र भांड्यात पडतो. वाल वाळवून साठवतात आणि वर्षभर खातात, म्हणून त्याला भिजवणं, मोड आणणं आणि सोलणं या तिन्ही पायऱ्या लागतात. संध्याकाळी भिजत घालायचे, सकाळी निथळून फडक्यात घट्ट बांधायचे. थंडीत मोडाला जास्त वेळ लागतो, पावसाळ्यात वास धरतो, म्हणून मधे एकदा धुवून पुन्हा बांधावे. मोड आले की कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटं ठेवायचे. मग चिमटीत धरून दाबलं की दाणा सुळकन बाहेर येतो. या सोललेल्या दाण्याला आम्ही डाळिंबी म्हणतो. अर्धा किलो वाल सोलायला घरातले चार हात लागतात, आणि मला हे काम मनापासून आवडतं.

डाळिंबी कुकरमध्ये घालू नये. तिचं पीठ होतं. पातेल्यात मोहरी-हिंग-हळदीच्या फोडणीवर हलकेच परतायची, वर ताट ठेवून त्यात पाणी घालायचं, आणि तेच तापलेलं पाणी लागेल तसं आत ओतायचं. डाव फार फिरवायचा नाही; पातेलंच धरून हलवायचं. ओलं खोबरं, जिरं, मिरची, कोथिंबीर यांचं वाटण दाणा शिजत आल्यावर. आमसूल आणि गूळ त्याच्याही नंतर. आंबट आधी पडलं तर दाणा मऊ व्हायला अडून बसतो, मग कितीही उकळा. सीकेपी घरांत शेवटी नारळाचं दूध पडतं. ते घातल्यावर खळखळून उकळू देऊ नये, फाटतं.

पावट्याला यातलं फारसं काही लागत नाही. ओला पावटा सोलायचा म्हणजे शेंग सोलायची, दाण्याची साल राहू द्यायची. कांदा, लसूण, कांदा-लसूण मसाला, भाजलेल्या खोबऱ्याचं वाटण, हवं तर वांग्याच्या फोडी. पातळ आमटी आणि भाकरी. वाळका पावटा रात्रभर भिजवून सालीसकट शिजवतात आणि तो कुकरच्या दोन-तीन शिट्ट्या सहज सोसतो.

साल ठेवायची की काढायची हा नियमही सगळीकडे सारखा नाही. कर्नाटकात ओले अवरे भिजवून, दाबून सोलतात; त्याला हितकिद बेळे म्हणतात, आणि अवरे म्हणजे आपला पावटाच. उलट रायगडात जानेवारी-फेब्रुवारीत पोपटी लागते तेव्हा वालाच्या हिरव्या शेंगा अख्ख्याच मडक्यात भरतात: मीठ, ओवा, भांबुर्डीचा पाला, पाण्याचा थेंबही नाही, आणि भोवती जाळ.

एक गोष्ट दोन्हींना लागू. वाळलेल्या दाण्यात सायनाइड सोडणारी द्रव्यं असतात. म्हणून भिजवलेलं पाणी फेकून द्यावं आणि दाणा पूर्ण शिजवावा. मोड आलेले मूग कच्चे खातो तसे वाल खाऊ नयेत, मुलांच्या हातीही देऊ नयेत.

घेवडा हा शब्द मधे आला की आणखी घोळ होतो. श्रावण घेवडा म्हणजे फरसबी, आणि साताऱ्याचा वाघ्या घेवडा हा राजम्याच्या कुळातला. दोन्हींचा वालाशी संबंध नाही. वालपापडी मात्र वालाच्याच कुळातली. तिची शेंग कोवळी असताना भाजी करतात.

आता मी दुकानात नुसतं ‘वाल’ म्हणत नाही. ‘कडवे, बिरड्याचे’ असं सांगते आणि पुडी बांधण्याआधी चार दाणे हातावर घेऊन बघते. वालाची डाळ दाखवली तर नको म्हणते, कारण फुटलेल्या दाण्याला मोड येत नाहीत. अमेरिकेतल्या बहिणीला ओला पावटा मिळत नव्हता; तिला भारतीय दुकानातल्या फ्रीजरमध्ये ‘सुरती पापडी लिलवा’ शोधायला सांगितलं. ते याच कुळातले ओले दाणे. आमटी छान होते त्यांची. बिरड्यासाठी मात्र तिला इथूनच वाल बांधून देते.